वेळ तुमची, पण 'बस' कोण म्हणणार?

मागच्या महिन्यात रात्री पावणेबाराला मी किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्या उभ्या एक शीट भरत होतो, कारण हॉलमध्ये पोरं झोपलेली आणि बेडरूममध्ये वायफाय येत नाही. अण्णा पाणी प्यायला उठले, दिवा लागलेला बघून दारात थांबले आणि म्हणले, "काय करायलास रे येवढ्या रात्री?" म्हणलं, काम आहे. "मग दिवसभर काय केलास?" आता याला काय उत्तर देणार. दिवसभर पण कामच केलं होतं, मधी दोन तास नळाला पाणी आलं म्हणून मोटार लावून टाक्या भरल्या, पोराला शाळेतून आणलं, तेवढंच काय ते. पण अण्णांच्या डोक्यात काम म्हणजे सुरू होतं आणि संपतं अशी गोष्ट आहे, माझ्या डोक्यात ती आता राहिली नाही, आणि हा फरक कुठून आला याच्यावर मी तेव्हापासून विचार करायलोय.

अण्णा वाळूजला एका व्हेंडर कंपनीत होते. १९८५ ला बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागं शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, आख्ख्या औरंगाबादचं (तेव्हा औरंगाबादच) घड्याळ शिफ्टवर लागलं. फर्स्ट, सेकंड, थर्ड. सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर डब्याच्या पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं, कंपनीची बस, कार्ड पंच, भोंगा. शिफ्ट संपली की संपली. सुपरवायझरने जास्त थांबवलं तर ओव्हरटाइम, आणि फॅक्टरी ॲक्टमध्ये १९४८ पासून लिहिलेलं होतं की दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे. अण्णा त्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या पारलेच्या डब्यात ठेवायचे आणि सात तारखेला पगाराच्या स्लिपशी एकेक ताडून बघायचे, एकदा चार तास कमी लागले तर दोन दिवस टाइम ऑफिसला चकरा मारल्या होत्या. लगेच कुणी म्हणेल जुनं ते सोनं, तर तसं काही नाही. थर्ड शिफ्टने त्यांच्या झोपेची वाट लावली ती कायमची, आणि आजी घाटीत ॲडमिट होती तेव्हा दोन तास उशिरा येतो म्हणलं तर आख्खा दिवस कापला होता. भोंग्याला आई-बाप नसतात.

म्हणून आधीच सांगतो, मी फ्लेक्सिबल टायमिंगच्या विरोधात नाही. पुण्याला हिंजवडीत नऊ वर्षं काढून २०२० ला लॉकडाऊनमध्ये इकडं आलो तो परत गेलोच नाही. ज्या गावात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी एकदा येतं आणि येण्याची वेळ फक्त लाइनमनला माहीत असते, तिथं नऊ ते सहा नोकरी करणाऱ्या घरात कुणीतरी एकाने सुट्ट्या जाळायच्या असतात आणि ती बहुतेक वेळा बाई असते. मला ते करावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस डिग्रीत गाडीवर फिरावं लागत नाही. पुण्याचं भाडं वाचतंय, अण्णांचं बीपी बघता येतंय, शेंदऱ्याच्या शेतात महिन्यातून एकदा चक्कर होते. हे सगळं खरं आहे आणि हे सोडून मला कुणी परत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसवणार असेल तर मी भांडेन.

भांडण वेगळंच आहे. टाइम तुमचा, कधीपण करा, असं सांगितलं की आपण खूष होतो, आणि त्या खुषीत एक गोष्ट विचारायची राहून जाते, की बाबा संपलं कधी समजायचं? भोंगा काढला ते बरं केलं, पण भोंगा दोन कामं करत होता, एक बांधून ठेवायचं आणि दुसरं सोडून द्यायचं. बांधायचं काम आता लॅपटॉपवरचा हिरवा ठिपका करतोच आहे (पाच मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा होतो, आमचे एक मित्र जेवताना पायाच्या अंगठ्याने माउस हलवतात, ही थट्टा नाही). सोडायचं काम कुणाकडंच नाही.

माझं म्हणणं येवढंच आहे की ते काम आता फीडबॅकचं आहे आणि आपल्याकडं फीडबॅक नावाची गोष्ट वर्षातून एकदा एप्रिलमध्ये येते. ती पण कशी येते बघा. तीन वर्षांमागं माझं अप्रेझल झालं. अकरा महिने मॅनेजरने एका शब्दाने बरं-वाईट सांगितलं नव्हतं, आणि बाराव्या महिन्यात वीस मिनिटांच्या कॉलवर, त्यातली पाच मिनिटं स्क्रीन शेअर होत नाही म्हणून गेली, मला कळलं की पाचपैकी तीन. म्हणलं कारण? तर म्हणे काम चांगलंय, पण व्हिजिबिलिटी कमी पडते. व्हिजिबिलिटी म्हणजे काय, ते त्याला पण नीट सांगता आलं नाही. मग मी काय केलं, जे कुणीपण करेल ते. दिसायला लागलो. रात्री साडेदहाला मेल टाकायचे, ग्रुपवर पहिला रिप्लाय आपला, रविवारी दुपारी 'जस्ट चेक्ड' म्हणून एक मेसेज. मावसभावाच्या लग्नात पैठणला अक्षता पडायच्या वेळी मी मांडवाच्या मागं जनरेटरच्या आवाजात हॉटस्पॉटवर कॉल घेत होतो आणि त्या कॉलवर मला बोलायचं काहीच नव्हतं, फक्त असायचं होतं. पुढच्या वर्षी चार मिळाले. काम तेवढंच होतं, कदाचित थोडं खराबच झालं होतं कारण झोप होत नव्हती. तास वाढले होते, आणि जिथं काम मोजायचं कुणाला येत नाही तिथं तास हेच चलन असतं, ते आपण मोजत सुटतो.

हे फक्त आमच्या लाइनमध्ये आहे असं नाही. त्या तीन आणि चारच्या मागं तो प्रसिद्ध बेल कर्व्ह आहे, म्हणजे टीममधले दहा जण कितीपण चांगले असू द्या, एकदोघांना खाली टाकायचंच. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ लाच सोडून दिली, आपल्याकडं कितीतरी कंपन्या अजून तिलाच धरून बसल्यात. आणि सरकारी म्हणाल तर तिथं गोपनीय अहवाल असायचा. नावातच गोपनीय, म्हणजे ज्याच्याविषयी लिहिलंय त्यालाच सांगायचं नाही. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते खात्यातल्या एका इंजिनिअरला प्रमोशन मिळालं नाही, कारण एका वर्षी अहवालात 'गुड' लिहिलेलं आणि प्रमोशनला 'व्हेरी गुड' लागायचं, आणि हे 'गुड' त्याला कधी सांगितलंच नव्हतं, चांगलं लिहिलंय मग सांगायचं काय असा सगळा हिशोब. सुप्रीम कोर्टाने २००८ ला निकाल दिला की शेरा चांगला असो का वाईट, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवलाच पाहिजे. म्हणजे माणसाला त्याच्या कामाविषयी सांगा, येवढ्या साध्या गोष्टीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आमचे दाजी अंबड तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहेत. त्यांना वर्गात शिकवलेलं कसं होतं हे सांगायला कुणी फिरकत नाही, पण रात्री नऊला ग्रुपवर लिंक येते, उद्या अकराच्या आत भरा, न भरणाऱ्या शाळांची नावं वर कळवली जातील. शाळा साडेचार-पाचला सुटते. दाजी कधी सुटतात ते ताईला विचारा.

आणि मराठवाड्यातल्या माणसाने फ्लेक्सिबल टायमिंग हे काहीतरी नवीन, अमेरिकेतून आलेलं आहे असं म्हणूच नये. आपल्याकडं बीडचा, जालन्याचा, धाराशिवचा ऊसतोड कामगार पिढ्यानपिढ्या फ्लेक्सिबलच आहे की. त्याला हजेरी पत्रक नाही, ड्युटी नाही, सुट्टी नाही. दिवाळीच्या आगंमागं नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मुकादमाकडनं उचल घ्यायची, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, टनावर पैसे. पहाटे अंधारात फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरनं वाहायच्या, आणि ट्रॅक्टर रात्री दोनला आला तर रात्री दोनला उठून भरायचा. जेवढं कराल तेवढं तुमचं, वेळ तुमचीच! एक दिवस अंग टाकलं तर खाडा, त्याचे पैसे उलटे कापणार. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं, पण तासांविषयी कुणी बोललं का? तास मोजलेच जात नाहीत तर बोलणार कशाविषयी. बायांची गर्भाशयं काढली जातात हा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला तेव्हा चौकशी समिती नेमावी लागली, आणि बोलणाऱ्या बायांनी कारण काय सांगितलं, तर पाळीत खाडा होतो.

एसीत बसून लॅपटॉप चालवणाऱ्याने स्वतःची तुलना कोयत्याशी करणं हा निर्लज्जपणा आहे हे मला कळतं. हाल एकसारखे नाहीतच, जवळपास पण नाहीत. पण कामाची रचना बघा, ती एकच आहे. काम संपल्याचं सांगणारा कुणी नाही, म्हणून जो थांबतो तोच गुन्हेगार ठरतो. सालगडी पण तसाच असायचा, पाडव्याला साल ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत गडी मालकाचा, रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला उठवलं तर उठायचं. आम्ही पॅकेज म्हणतो त्याला साल म्हणत होते.

आता दुसरी बाजू. नारायण मूर्ती २०२३ ला म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांनी ते ९० वर नेलं, रविवारी कामाला बोलवता येत नाही याची खंत व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत राहणार असं पण विचारलं. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की हा रविवार फुकट आलेला नाही, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली, सहा वर्षं झगडले तेव्हा कुठं १८९० ला तो मिळाला. आणि आठवड्याचे ४८ तास पण आभाळातनं पडले नाहीत, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते त्या काळात, १९४६ ला, कारखान्यांचे ५४ तास ४८ वर आले. उलट आता राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास आणि दुकानं-ऑफिसात ९ चे १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ च आहे, त्याच्या वर ओव्हरटाइम, असं सांगतात. कागदावर ते फार वाईट नाही, चार दिवस बारा तास करून तीन दिवस गावाकडं जाणारा वाळूजचा पोरगा खूष पण होईल. पण ४८ ची मर्यादा पाळली का नाही हे बघायला कुणीतरी तास लिहावे लागतात. अण्णांकडं चिठ्ठ्या होत्या. माझ्या पैठणच्या लग्नाची चिठ्ठी कुणाकडं आहे?

तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ ला मिळून आकडे काढले, आठवड्याला ५५ तास किंवा त्याच्या वर काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने जाण्याचा १७ टक्के जास्त. ७० आणि ९० तर लांबच राहिले. २०२४ च्या जुलैत पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागून चार महिने झाले असताना गेली, तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळ्यांनी वाचलं असेल. कामाच्या ताणाने गेली असं आईचं म्हणणं, कंपनीने ते मान्य केलं नाही. मला त्या पत्रातली एकच गोष्ट डोक्यातनं जात नाही, की नवीन पोरगी होती, नाही म्हणायचं तिला जमत नव्हतं.

का जमत नाही, याचं एक उत्तर आपल्याच घरात आहे असं मला वाटतं आणि यावर शिव्या बसतील याची तयारी ठेवूनच लिहितोय. आपण लातूर पॅटर्नची माणसं. दहावीनंतर पोराला लातूरला नाहीतर नांदेडला टाकायचं, आणि पाहुणा आला की पहिला प्रश्न काय, "किती तास अभ्यास करतो?" किती समजतं हे कुणी विचारत नाही. चौदा म्हणला तर शाब्बास, दहा म्हणला तर बापाचं तोंड उतरतं. सोळाव्या वर्षी ज्याला तासांत मोजलं तो पंचविसाव्या वर्षी स्वतःला कशात मोजणार? बरं तिथं फीडबॅक नसतो असं पण नाही, दर आठवड्याला टेस्ट, लगेच यादी, नावासमोर रँक. पण रँक म्हणजे तू कितवा, त्यात तुझं काय चुकलं आणि कुठं पुरेसं झालं हे नसतंच. म्हणून फीडबॅक महिन्याला द्या, आठवड्याला द्या म्हणून भागत नाही, त्यात कामाविषयी काहीतरी असायला पाहिजे. डॅशबोर्डवर रोज हिरवा-लाल आकडा दाखवणाऱ्या कंपन्यांना हे कोण सांगणार.

आणि सगळं मॅनेजरवर ढकलून मी मोकळा होतोय असं वाटत असेल तर ते पण नाही, कारण दीड वर्षापास्नं मी स्वतः लीड आहे, माझ्या हाताखाली चार जण. त्यातली एक मुलगी नांदेडहून काम करते, घरी दोन वर्षांचं बाळ, सासूबाई. तिला मी पहिल्या दिवशी मोठ्या मनाने सांगितलं होतं, तुला जमेल तसं कर गं, टायमिंगचं टेन्शन घेऊ नको. ती बाळ झोपल्यावर बसायची. रात्री सव्वाबाराला मेसेज यायचा, "सर झालं", आणि मी सकाळी उठून त्याच्यावर अंगठा टाकायचो. अंगठा म्हणजे बघितलं, चाललंय, बरंय. माझ्या मते तर कौतुकच.

फेब्रुवारीत तिचा फोन आला, राजीनाम्याचं बोलायला. मी म्हणलं काय झालं, काम तर तुझं सगळ्यात व्यवस्थित आहे. पलीकडं शांत. मग म्हणली, "सर हे तुम्ही आज पहिल्यांदा म्हणताय. तुम्ही अंगठा टाकता ना, मला कळायचंच नाही चांगलं झालंय का अजून काही पाहिजे. म्हणून मी परत एकदा सगळं चेक करत बसायचे." किती वेळ? तर रोज दीड-दोन तास. आठ महिने. दिवसभर घरचं, रात्री कंपनीचं, आणि त्याच्या वर माझ्या अंगठ्याचा अर्थ लावायचं. बाईच्या बाबतीत वेळ तुमची म्हणलं की घरातल्यांना पण ती वेळ आपलीच वाटते हा आणखी एक ताप, चार वाजता पाहुण्यांना चहा, कारण ती घरीच तर आहे.

मी मॅनेजरविषयी वर जे लिहिलं ते सगळं मी केलेलं होतं, फक्त इमोजी वापरून.

आता कायदा यावा का? यावा. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून मोकळं राहायचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियाने २०२४ ला आणला. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी २०१८ ला असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, खासगी विधेयकाचं आपल्या संसदेत जे होतं तेच झालं. पण फक्त रात्री मेसेज करायला बंदी असं केलं तर नांदेडवाल्या मुलीचा घात होईल, तिला रात्रीच जमतं. तिला लपून काम करावं लागेल. त्यापेक्षा मला दोन साध्या गोष्टी जास्त कामाच्या वाटतात. कधीपण करा पण किती केलं ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि आठवड्याचे ४८ भरले की त्याच्या वरच्याला पैसे नाहीतर बदली सुट्टी, लीड आणि मॅनेजर असलं नाव लावून त्यातनं सुटका नको. आणि दुसरं, काम देतानाच सांगायचं की येवढं झालं म्हणजे झालं, आणि झाल्यावर तोंडाने सांगायचं की झालं. दहा मिनिटं लागतात. एचआरच्या फॉर्मला सतरा कॉलम असतात त्याच्यापेक्षा कमीच.

आम्ही आता दर शुक्रवारी चारला दहा मिनिटं फोनवर बोलतो, व्हिडिओ नाही, चार्ट नाही. या आठवड्यातलं हे बरं झालं, हे परत कर, हे सोडून दे त्याची गरज नाही. पहिल्या शुक्रवारी बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मग सर, ते रात्रीचं दुसऱ्यांदा चेक करायचं बंद करू?" म्हणलं कर की. ती राजीनाम्याचं परत बोललेली नाही. माझ्याशी असं बोलणारं वरती अजून कुणी नाही, एप्रिलच्या कॉलवर मी स्वतःच विचारलं होतं की महिन्याला दहा मिनिटं द्याल का, तर बघू म्हणाले, आणि कॉल कट झाल्यावर अंगठा आला.